व्हिडिओ बघून बेस ड्रमचा पाय बसतो का? माझं मत : एकट्याने नाही

खाडीपलीकडे :

मंडळी, बरेच दिवस हे मांडायचं होतं. ड्रमच्या पेडलवरचं पायाचं काम, म्हणजे पेडल दाबून खालचा मोठा बेस ड्रम वाजवणं, निव्वळ व्हिडिओ बघून शिकता येतं, असं आमच्या भागातली बरीच पोरं मानतात. मीही मानत होतो. आता मानत नाही, का ते सांगतो.

मी मालवण तालुक्यातला. गणपतीत, जत्रेत, हळदीला ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतो. सुरुवात ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडांवर झाली. ऑक्टोपॅडवर आमच्याकडे बेस ड्रमचा आवाजसुद्धा काठीनेच काढतात, एक पॅड त्यासाठी राखलेला असतो. त्यामुळे हात तयार होतात आणि पाय झोपलेलाच राहतो. मंडळाने जुना ड्रमसेट घेतला तेव्हा मला हे कळलं. हातांनी जे सहज वाजत होतं ते पायाकडे दिलं की सगळी लय विस्कटायची.

मग व्हिडिओ लावले. टाच पेडलच्या पाटीवर टेकवून नुसत्या घोट्याने वाजवायचं, टाच उचलून मांडीच्या वजनाने मारायचं, चवडा पुढे सरकवत एका हालचालीत दोन ठोके काढायचे, टाच आणि चवडा आळीपाळीने मारायचे, असे चारही प्रकार बघितले. रोज रात्री दीड तास, आठ महिने. वेग आला. पण आवाज कोरडा, मेलेला यायचा, उजवी नडगी जळायची, आणि अर्ध्या तासात पाय दगड व्हायचा. चूक कुठे होती ते एकाही व्हिडिओने सांगितलं नाही, कारण व्हिडिओ माझ्या पायाकडे बघत नव्हता.

ती सांगितली गावातल्या एका म्हाताऱ्या पायपेटीवाल्याने, म्हणजे पायाने भाता दाबून पेटी वाजवणाऱ्याने. दशावतारात त्यांनी जन्मभर रात्री जागवल्या, ड्रमसेट जवळून कधी बघितलेला नाही. शेजारी खाली बसले, पाच मिनिटं माझा पाय बघितला आणि म्हणाले, "तू मारतंस, पण उचलणंस नाय." पायपेटीचा दाबलेला भाता परत वर आला नाही तर पुढचा वारा मिळत नाही, सूर बसतो. त्यांच्या पायाला ते ठाऊक होतं. मी प्रत्येक ठोक्याला बीटर, म्हणजे पेडलचा ड्रमवर आपटणारा दांडा, कातड्यात रुतवून ठेवत होतो. मुद्दाम तसं करणारे वादक आहेत, पण मला ते होतंय हेच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर तळवा ठेवला आणि ठोका पडला की तळवा वर घ्यायचे. दहाव्या-बाराव्या ठोक्याला बेस ड्रम पहिल्यांदा उघडा वाजला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : व्हिडिओ जरूर बघा, पण शेजारी एक माणूस हवा. तो ड्रमवालाच हवा असं नाही.

देवगडचो :

दादा, तुमचा त्या आजोबांचा किस्सा आवडलो. पण तुमी जा म्हणतास ता सगळ्यांका लागू पडत नाय. आमच्या वाडीत ड्रम शिकवणारो कोण असा? कोणच नाय. म्हापशाक किंवा कोल्हापुराक जावचा तर एसटीत आख्खो दिवस जाता, वर फी वेगळी. व्हिडिओ नसतो तर मी आजून पत्र्याचो डबोच बडवीत रवलंय असतंय.

आता प्रमाण मराठीत लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल. तुमच्या आठ महिन्यांचा दोष व्हिडिओवर टाकू नका. चार प्रकार एकदम धरलेत ही खरी चूक. मी टाच खाली ठेवून, मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, फक्त एक ठोका, असं दीड महिना केलं. दुसरं काही उघडलंच नाही. नडगी माझीही जळली, कारण पाऊल वर उचलणारा स्नायू तिथेच असतो आणि आपण त्याला कधी कामाला लावत नाही. पंधरा दिवसांत ती जळजळ बंद झाली. माणूस चुकीचा असला तर तो व्हिडिओपेक्षा जास्त नुकसान करतो, हेही लक्षात घ्या. आमच्या इथे एकाने पोरांना पेडलची स्प्रिंग शेवटपर्यंत आवळायला लावली होती, "जोर येतो" म्हणून. पोरांचे पाय कामातून गेले.

खाडीपलीकडे :

चार प्रकार एकदम धरले ही चूक मान्य, पण सगळा दोष तिथे जात नाही. सरकत्या पायाचं उदाहरण घ्या. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. १२० च्या लयीत एका मात्रेत चार ठोके घातले तर एका ठोक्याला सेकंदाचा आठवा भाग मिळतो, म्हणजे जेमतेम चार चित्रं. चवडा पुढे सरकतो तो त्या चारातल्या एखाद्यात. व्हिडिओ पाव वेगाने लावला तरी जे टिपलंच नाही ते दिसणार कुठून? बघणाऱ्याला वाटतं पाय नुसता पुढे ढकलायचा आहे. खरं तर पहिला ठोका पाटीच्या मागच्या बाजूला हलका बसतो, आणि बीटर परत येत असतानाच चवडा पुढे जाऊन त्याला पुन्हा पाठवतो. हे मला कोणी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

देवगडचो :

हिशोब बरोबर, पण अर्धाच मांडलात. माझ्या साध्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपायची सोय आहे. तुमच्याच हिशोबाने एका ठोक्याला ३० चित्रं होतात. फोन पेडलच्या बाजूला विटेला टेकवून ठेवतो, स्वतःचा पाय टिपतो आणि शिकवणाऱ्याचा व्हिडिओ शेजारी लावून ताडून बघतो. बीटर रुतलेला राहतो की परत येतो ते मला स्वच्छ दिसतं. शेजारी बसलेला माणूस तो फोनच आहे. तुमच्या आजोबांनी जे केलं ते मी रोज रात्री करतो.

तिरकिट :

मी चिपळूणजवळचा, भजनात पखवाज वाजवतो, डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला बसतो. ड्रम वाजवत नाही, तरी बोलतो, कारण प्रश्न शिकण्याचा आहे.

आमच्याकडे हात लावायच्या आधी बोल तोंडाने म्हणावा लागतो. बुवा समोर बसून म्हणतात, आपण मागून म्हणायचं, मग हात. मला पहिले तीन महिने पखवाजावर थाप मारू दिली नव्हती. तुम्ही दोघे चित्रं मोजताय, पण ठोका आधी डोक्यात वाजायला हवा, पायात तो नंतर उतरतो. फोन २४० चित्रं दाखवेल, तुमचा ठोका लयीच्या मागे लोंबकळतोय हे त्याला कळणार नाही. बुवांना ते पाठ फिरवून बसले तरी कळतं. माझ्या मते व्हिडिओने बाहेरची हालचाल येते, वजन येत नाही. गुरू नसेल तर थांबावं, चुकीचं पक्कं करून घेऊ नये. पक्कं झालेलं सोडवायला शिकण्याच्या दुप्पट काळ लागतो, हे मी स्वतःच्या डाव्या हातावर भोगलंय.

देवगडचो :

थांबावं? किती वर्षं? तुमच्याकडे गावोगाव बुवा आहेत. आमच्याकडे ड्रमचा बुवा जन्मायचा आहे, आणि तो व्हिडिओ बघूनच तयार होणार. हे वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं.

शिवणटिपण :

मी वेंगुर्ल्याची. मुलगी चर्चच्या गायनवृंदात ड्रम वाजवते, व्हिडिओ बघून शिकली. मी पायमशीनवर वीस वर्षं कपडे शिवतेय.

ती टाच-चवड्याचा प्रकार करायला बसली तेव्हा मला हसू आलं, कारण मशीनच्या पायट्यावर मी दिवसभर तेच करते. चवडा खाली गेला की टाच वर, टाच खाली गेली की चवडा वर. पाय उचलून आपटायचा नाही, पाऊल डोलवायचं. तिला म्हटलं, आधी मशीनवर बस. धागा न ओवता, सुई न लावता दहा मिनिटं नुसता पायटा चालव, लय तुटली तर चाक उलटं फिरतं, तुला लगेच कळेल. आठवडाभरात तिचं पाऊल मऊ झालं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली, आणि इथे कोणी तिचं नाव काढलेलं नाही. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवत होती. खुर्ची बुटकी, त्यामुळे गुडघे कमरेच्या वर जायचे. तसं बसून मांडी उचलायची म्हणजे प्रत्येक ठोक्याला पोटातून जोर काढायचा. तिची कंबर दुखायची आणि आम्ही दोष पेडलला देत होतो. खुर्चीवर दोन चादरींच्या घड्या घातल्या, मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती झाली, आणि त्याच संध्याकाळी टाच वर धरून वाजवणं जमू लागलं. व्हिडिओतली माणसं चांगल्या स्टुलावर बसलेली असतात, त्यांना हे सांगायचं सुचत नाही. शिवताना मी स्टूल बोटभर वरखाली झालं तरी ओळखते, म्हणून मला दिसलं. तेव्हा खाडीपलीकडे म्हणतात ते मला पटतं. माणूस हवा. पण तिरकिट म्हणतात तसं थांबायला मी मुलीला कधीही सांगणार नाही.

खारा वारा :

पेडलकडेही बघा. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर स्प्रिंग आणि साखळी गंज धरतात. गंजलेलं पेडल बीटर परत आणत नाही, आणि आपण पायाला शिव्या देतो. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून बिजागरीला तेलाचा एक थेंब. रत्नागिरीत दोन ठिकाणी नुसत्या तेलाने पाय सुधारलेले बघितलेत.

कॅसेटच्या काळातला :

मी दापोलीचा, वय साठीकडे. आमच्या वेळी ना व्हिडिओ ना शिकवणारा. कॅसेट मागे-पुढे करून वाजवायचो.

तिरकिट, पेडल ही वस्तूच फार जुनी नाही. लुडविग बंधूंनी शिकागोत १९०९ मध्ये आपलं जलद पेडल बाजारात आणलं. त्याआधी बरेच वादक एकाच काठीने बेस ड्रम आणि स्नेअर (हाताजवळचा छोटा ड्रम) दोन्ही मारायचे. त्या पेडलवर पहिल्यांदा बसलेल्यांना पाय कोणत्या गुरूने शिकवला? त्यांनी शोधून काढला. पुढे जॉन बॉनम या ड्रमवाल्याने लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या १९६९ च्या पहिल्याच अल्बमात एका पेडलवर, एका पायाने असे जलद ठोके वाजवले की मला कित्येक वर्षं दोन बेस ड्रम असावेत असं वाटत होतं. मी ते कानाने उतरवायला बसलो आणि शेवटी पाय आपोआप पुढे सरकायला लागला. त्या प्रकाराला नाव आहे हे मला खूप नंतर कळलं.

आजच्या पोरांबद्दल माझी तक्रार एकच. ती पाय बघतात, आवाज ऐकत नाहीत. आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघणारी पोरं मी पाहिली आहेत. आधी डोळे मिटून तो ठोका कसा वाजतो ते कानात भरा. बीटर रुतला की आवाज "धप्" येतो, सुटला की "धूम". कान तयार असता तर खाडीपलीकडे यांना आठ महिने लागले नसते, असं मला वाटतं.

तिरकिट :

"धप्" आणि "धूम" हे बोलच झाले. तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. थांबावं हा शब्द मात्र मी मागे घेतो. देवगडच्या भावाला लागला, तसा हेतू नव्हता. तू पायाचा ठेका आधी तोंडाने म्हण, हाताने टाळी दे, मग पेडलवर बस, इतकंच सांगतो.

खाडीपलीकडे :

कॅसेटच्या काळातले काका, कानाचं तुमचं बोलणं मला लागलं आणि ते खरं आहे. "धप्" मला रोज ऐकू येत होतं, मी ते ड्रमच्या जुन्या कातड्यावर ढकललं होतं.

शिवणटिपणताई, तुमचं वाचून मी लगेच खुर्ची मोजली. माझेही गुडघे कमरेच्या वर जातात. आजपासून खाली घडी घातलेली गोधडी आहे, चार दिवसांनी लिहितो.

देवगडचो, फोनवर मी अजून राजी नाही. फोन दाखवतो, पण काय बघायचं हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते दिसतं. तुला दिसलं, कारण तू दीड महिना एकाच ठोक्यावर बसलास. मला त्याच चित्रात काहीही दिसलं नसतं. पुढच्या रविवारी मी देवगडला एका लग्नात वाजवायला येतोय. दुपारी रिकामा आहे. तुझं पेडल काढून ठेव, माझंही आणतो. तू माझा पाय टिप, मी तुझ्या गुडघ्यावर तळवा ठेवतो.

देवगडचो :

येवा. वीट तयार ठेवतंय.