मदत हवी आहे: भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीने दोन दिवस खेड्यांत कामाला जायचंय, चार्ज पुरेल का?

घाईतला_गडी:
परवा पहाटे निघायचंय. भाड्याची गाडी घ्यायची तर इलेक्ट्रिकच, असा ऑफिसने फतवा काढलाय, त्यामुळे 'डिझेल घ्या' हे उत्तर कृपया नको. ॲपवर रेंज 300 किमी लिहिली आहे. दोन दिवस, पाच गावं. मॅपवर चार्जर दोनच दिसतात, दोन्ही हायवेला. पुरेल की नाही एवढंच सांगा. मागच्या खेपेला आमचा एकजण अडकला होता, म्हणून विचारतोय.

पाना_पक्कड:
बॅटरी किती युनिटची? रोजचे किलोमीटर किती? घाट आहे का? मुक्काम कुठे? हे काहीच न सांगता 'पुरेल का' विचारणं म्हणजे डॉक्टरांना फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा' म्हणणं.

जुना_डिझेलवाला:
डिझेल घ्या.
(हलके घ्या. पण डिझेल खरंच घ्या.)

घाईतला_गडी:
बॅटरी 40 युनिट. पहिल्या दिवशी 190 किमी, दुसऱ्या दिवशी 170. घाट आहे, साधारण 700 मीटर चढ. मुक्काम लॉजवर. झालं? आता सांगा.

पाना_पक्कड:
100 किमीला 16 युनिट धरा. 190 किमीला झाले 30. पावणेदोन टनांची गाडी 700 मीटर वर न्यायला वेगळे 4 लागतात. त्यातले उतारावर थोडे परत येतात, पण तुमचा मुक्काम वर असेल तर त्या दिवशी नाही येत. एकूण 34. तळाला 15 टक्के राखले तर तुमच्या हातात 34 युनिटच आहेत. म्हणजे काठावर. आणि हेसुद्धा गाडी पूर्ण भरून मिळाली तर.

वाऱ्यावरची_वरात:
हायवेला 70 च्या वर जाऊ नका. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. 70 ऐवजी 100 ने गेलात की तो दुप्पट होतो. मी एसी बंद करून जाते आणि 20-25 किमी जास्त काढते.

जुना_डिझेलवाला:
म्हणजे घामाघूम होऊन गिऱ्हाईकापुढे उभं राहायचं. प्रगती आहे!

वाऱ्यावरची_वरात:
तुमच्या गाडीच्या धुराने आम्ही किती वर्षं घामाघूम झालो त्याचं काय?

अर्थिंगचा_आग्रह:
भांडण नंतर. लॉजवर 16 अँपिअरचं सॉकेट आहे का ते आत्ता फोन करून विचारा. पार्किंगजवळ हवं; तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतलं काय कामाचं? साध्या एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात लावू नका, रात्रभर सलग लोड असतो, बोर्ड वितळतो. बरं सॉकेट मिळालं तर तासाला अडीच-तीन युनिट येतात, रात्रीत वीस-पंचवीस. अर्थिंग नसेल तर बहुतेक पोर्टेबल चार्जर लाल दिवा लावून गप्प बसतात. आणि तो चार्जर भाड्याच्या गाडीत असतोच असं नाही, मागून घ्यावा लागतो.

इतिहासप्रेमी:
अवांतर: ताशी 100 किमीचा वेग पहिल्यांदा ओलांडणारी मोटार इलेक्ट्रिक होती. साल 1899, चालक बेल्जियमचा कामिल जेनात्झी. लोकांना हे माहीतच नसतं.

पाना_पक्कड:
तो घाट चढून पाच गावं फिरला नव्हता. धागाकर्ते, गावांत काम काय आहे तुमचं? प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबता?

घाईतला_गडी:
त्याचा काय संबंध? दूध संकलन केंद्रांत बल्क कूलरची, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीची, देखभाल करतो. एकेका केंद्रात दोन-तीन तास जातात. डिकीत 80 किलो हत्यारं आणि गॅसचा सिलिंडर.

सायीवरचं_दूध:
अहो, मग हे आधी सांगायचं ना! बल्क कूलर आहे तिथे थ्री फेज वीज असते, बहुतेक ठिकाणी अर्थिंगही धड असतं. तुम्ही कूलर उघडून बसलात की गाडी तिथेच लावा. तीन तासांत आठेक युनिट, म्हणजे 50 किमी. मी सात वर्षं केंद्र चालवलं आहे, म्हणून सांगते: दूध येतं सकाळ-संध्याकाळ, तेव्हा कॉम्प्रेसर चालू असतो, त्या वेळी कोणी लावू देणार नाही. दुपारी जा. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला तर आधी प्लग काढा, तो दुधासाठी आहे.

मीटर_रीडिंग:
आणि बिल? केंद्राची वीज म्हणजे कोणाच्या तरी खिशातले पैसे. आधी-नंतरचं रीडिंग लिहा, पैसे द्या, पावती घ्या. नाहीतर पुढच्या वेळी 'सॉकेट बिघडलंय' ऐकायला मिळेल.

अर्थिंगचा_आग्रह:
ताईंना अनुमोदन. तरी सॉकेट कुठलं आहे ते केंद्रावर आधी विचारा. थ्री फेजचा गोल औद्योगिक प्लग असेल तर तुमचा चार्जर त्यात बसणार नाही.

करारनामा_वाचा:
तीन गोष्टी कोणी बोललं नाही. गाडी परत करताना चार्ज किती हवा? 80 टक्क्यांच्या वर फास्ट चार्जरही रेंगाळतो. 90 ची अट असेल तर चार्जरवर बसून राहाल. दुसरं, बॅटरी संपून गाडी उचलायला लागली तर खर्च कोणाचा? अनेक करारांत तो भाडेकरूवर असतो, आणि ही गाडी दोरीने ओढून चालत नाही, सपाट ट्रकवर चढवावी लागते. तिसरं, गाडी किल्लीने उघडते की मोबाइलच्या ॲपने? मी एकदा मोबाइलची रेंज नसलेल्या गावात गाडीबाहेर दीड तास उभा होतो. बॅटरी 70 टक्के होती, पण दार उघडेना.

जुना_डिझेलवाला:
माझी गाडी किल्लीने उघडते.

घाईतला_गडी:
ताई, शंभर धन्यवाद. दोन केंद्रांना फोन केला. एक जण लगेच हो म्हणाला, दुसरा म्हणाला आधी गेल्या महिन्यापासून वाजणारा पंखा बघा, मग लावा. लॉजवाला म्हणतो सॉकेट आहे, अँपिअर म्हणजे काय ते माहीत नाही.

घाईतला_गडी:
(दोन दिवसांनी, पहाटे 5:40) गाडी घ्यायला आलोय. बुक केलेली नाही, 'तत्सम' दिली आहे. बॅटरी 30 युनिट, चार्ज 62 टक्के. किल्ली आहे, नशीब. पोर्टेबल चार्जर डिकीत नाही, मुलगा शोधायला मागे गेलाय. हायवेच्या चार्जरपर्यंत 95 किमी. पक्कडराव, जागे आहात का?

पाना_पक्कड:
जागा आहे. हातात साडेअठरा युनिट. 95 ला 15 जातील. घाट चार्जरच्या आधी आहे की नंतर? आणि चार्जर हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नका.

इतिहासप्रेमी:
सनरूफ आहे का हो या मॉडेलला?