बारटेंडरचं काम नव्याने सुरू करताना: अनुभव लिहा

संध्यापाळी
ड्रॉवर आवरताना जुना जिगर (दारू मोजायचं दुतोंडी माप) हाती लागला. एका बाजूला ३० मिली, दुसऱ्या बाजूला ६०, आतल्या रेघा पुसट झालेल्या. एकदम सगळं आठवलं म्हणून धागा काढतेय. या कामात नव्याने शिरणारे बरेच जण आहेत, त्यांच्या हाताला लागेल असं लिहा.

माझ्या मते आधी शिकायचं ते मोजणं. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० ची २५ मापं निघतात. दर मापाला हात ५ मिली सैल सुटला तर २१ च. चवीचंही तेच. डायक्विरी या कॉकटेलमध्ये रम ६०, लिंबाचा रस ३०, साखरेचा पाक २०. रस ५ ने वाढला की दात आंबतात, पाक ५ ने वाढला की गोडमिट्ट.

बहुतेक जिगर काठोकाठ भरल्यावरच पूर्ण माप देतात. तोंड ४ सेंमी रुंद असेल आणि तुम्ही काठाखाली ३ मिमी थांबलात, तर जवळपास ४ मिली कमी गेलं. जिगर आडवा सपाट धरा, शेकरच्या (पेय हलवायच्या बंद भांड्याच्या) कडेला अगदी चिकटून, आणि एका झटक्यात उलटा करा. हळू ओतलं की बाहेरून ओघळतं.

क्रम: आधी रस आणि पाक, मग दारू, बर्फ सगळ्यात शेवटी. मध्येच चूक झाली तर फक्त रस-पाक वाया जातो. आणि बर्फ आधी टाकला तर तुम्ही बाटली शोधेपर्यंत तो पाणी सोडत बसतो.

हिमकण
बर्फाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवीन माणूस बर्फ म्हणजे नुसता गारवा समजतो. तयार पेयाचा साधारण पाव भाग हे वितळलेलं पाणी असतं आणि ते हवंच असतं, नाहीतर दारू घशाला जाळते.

शेकर १० ते १५ सेकंद, जोरात. ढवळायचं असेल तर २० ते ३० सेकंद. शेकर दोन तृतीयांश तरी बर्फाने भरा. चारच खडे टाकून हलवलं तर ते चटकन वितळतात, पेय पाणचट होतं आणि तरी पुरेसं गार होत नाही. पेटीत तळाशी पाणी साचलेला ओला बर्फ शेकरमध्ये नको, ते पाणी मोजलेलं नसतं. आधी निथळून घ्या.

रस, साय, अंडं असेल तर हलवायचं. सगळी नुसती दारूच असेल (नेग्रोनी, मार्टिनी) तर ढवळायचं. नेग्रोनी हलवली तर हवेचे बुडबुडे शिरून गढूळ होते.

पाऊलवाट
शेकर उघडतच नाही!! दोन्ही स्टीलचे टिन आहेत. काउंटरवर आपटून कडा वाकली 😔

संध्यापाळी
@पाऊलवाट होतं असं, सगळ्यांचं होतं. आपटू नकोस, कडा वाकली की पुढे कायम गळत राहतो. बंद करतानाच लहान टिन किंचित तिरका बसव. एका बाजूला दोन्ही टिन सरळ एका रेषेत येतील, समोरच्या बाजूला फट दिसेल. उघडताना, जिथून ती फट सुरू होते तिथे मोठ्या टिनच्या काठावर तळहाताचा मनगटाकडचा भाग मार. एक टोला पुरतो. हलवताना आतली हवा आकसते म्हणून ते एवढे घट्ट बसतात.

हिमकण
आणि म्हणूनच अंड्याचा पांढरा भाग बर्फाशिवाय हलवताना शेकर गळतो. गारवा नाही, त्यामुळे आतून ओढ नाही. तेव्हा दोन्ही हातांनी दाबून धरा. सोडा तर शेकरमध्ये कधीच नाही, झाकण उडतं. तो ग्लासात वरून.

पाऊलवाट
उघडलं!! धन्यवाद ताई 🙏

चौथामोज
फ्री पोअरबद्दल. जिगरशिवाय ओतायचं असेल तर बाटलीला पोअरर (तोंडाला बसवायची ओतायची नळी) लावून मनात मोजतात. नेहमीच्या पोअररला चार मोजेपर्यंत साधारण ६० मिली, म्हणजे एका आकड्याला १५. पण तुमचा 'एक' किती लांब हे तुम्हालाच ठरवावं लागतं. रिकाम्या बाटलीत पाणी भरा, पोअरर लावा, मोजत ग्लासात ओता, मग तेच जिगरमध्ये ओतून बघा. सलग दहा वेळा बरोबर येईपर्यंत. कामाची पाळी सुरू होण्याआधी रोज एकदा तपासायचं, कारण दमलेल्या दिवशी मोजणी लांबते.

काय बिघडतं: बाटली पूर्ण उभी उलटी न धरता तिरकी धरली की धार मंदावते. दाट लिकर (साखर घातलेली गोड दारू) हळू येते, तिचा आकडा वेगळा. पोअररच्या हवेच्या नळीत साखर साचली की धार तुटक होते. रात्री पोअरर काढून गरम पाण्यात भिजत घाला.

मागचीबाजू
सगळे बनवण्यावरच लिहितायत, पण सुरुवात बहुतेकांची बारबॅक (बारटेंडरचा मदतनीस) म्हणून होते आणि ते चांगलंच आहे. बर्फ भरणं, ग्लास पुसणं, बाटल्या बदलणं, लिंबं कापणं. यातून कुठली वस्तू कुठे असते हे पायांना पाठ होतं.

ग्लासने बर्फ कधीही उपसायचा नाही. स्कूपच. ग्लासची कपची उडाली तर बर्फात काच दिसत नाही. तसं झालंच तर लगेच ग्रेनेडीनसारखं लाल सिरप बर्फावर ओता, म्हणजे दुसरं कुणी तो वापरणार नाही. मग सगळा बर्फ काढा, उरलेला गरम पाण्याने वितळवा, पेटी पुसा, नवा भरा. गर्दी कितीही असो. "एकच तुकडा होता, मी काढला" असं म्हणून पुढे जायचं नाही.

दांडीचा ग्लास पुसताना एका हातात बूड आणि दुसऱ्या हातात वाटी धरून पिळू नका. दांडी मोडते आणि थेट तळहातात शिरते. वाटी धरूनच वाटी पुसायची.

रेशीमधागा
मागचीबाजू, ग्लासचं अगदी पटलं. हातांवरून आठवलं, लिंबाचा रस हातावर तसाच ठेवून उन्हात जाऊ नका! दिवसा बाहेरच्या काउंटरवर काम असेल तर फार जपा. रस आणि ऊन मिळून कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात, लगेच नाही, एकदोन दिवसांनी, आणि डाग कित्येक आठवडे राहतात. साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने नाही. सतत ओल्या हातांनी नखांच्या कडाही सुजतात. दर वेळी कोरडे पुसा, घरी गेल्यावर मलम लावा. बूट न घसरणाऱ्या तळव्याचेच.

पाऊलवाट
नखांचं आत्ताच सुरू झालंय 😟

रेशीमधागा
काळजी घे गं. भांडी घासताना हातमोजे घाल. पू दिसला तर डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नकोस.

फेसाळ
बिअर कुणीच लिहिली नाही. ग्लास ४५ अंशात धरा, नळाचं तोंड ग्लासला किंवा बिअरला लागू देऊ नका. नळ एकदम पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की फेसच फेस. दोन तृतीयांश भरल्यावर ग्लास सरळ करा, वर दोन बोटं फेस येऊ द्या. फेस नसलेली बिअर म्हणजे जास्त बिअर असा समज असतो, पण न सुटलेला वायू मग पोटात सुटतो.

फेस फार येत असेल तर आधी तापमान बघा (३-४ अंश हवं), मग वायूचा दाब, मग नळ्या. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुतल्या पाहिजेत. ग्लासच्या आत एकाच जागी बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास तेलकट आहे. पिंप एकट्याने उचलू नका. ५० लिटरचं भरलेलं पिंप ६० किलोच्या वर जातं. कडेवर तोलून फिरवत न्यायचं.

चौथामोज
+१. एकत्र ऑर्डर आली तर बिअर शेवटी. आधी सगळी पेयं बर्फाशिवाय मोजून ठेवा, मग ढवळायचं ते, मग हलवायचं ते, मग सोडा आणि बिअर. ढवळलेलं दोन मिनिटं थांबतं, हलवलेल्याचा फेस तेवढ्यात बसतो.

मागचीबाजू
एक अवघड गोष्टही लिहायला हवी. नाही म्हणणं. कायद्याने ठरलेल्या वयाबद्दल शंका आली तर ओळखपत्र मागा, चेहऱ्यावरून अंदाज नको. कुणाला जास्त झालीय असं वाटलं तर लवकर हात आखडा. पाणी द्या, खायला सुचवा, पुढचा ग्लास सावकाश आणा. शेवटचा ग्लास रिकामा झाल्यावरही रक्तातली दारू काही वेळ वाढतच असते, म्हणून तोल गेल्यावर थांबवणं म्हणजे उशीर. कॉफीने उतरत नाही, फक्त झोप उडते. "तुम्हाला चढलीय" हे शब्द वापरू नका. "आज माझ्याकडून एवढंच देता येईल" म्हणा, हळू आवाजात, चारचौघांत नाही. आणि सोबतच्यांना आधी सांगा. घरी कसे जाणार हे विचारल्याशिवाय सोडू नका.

रेशीमधागा
हे वाचून बरं वाटलं. हे कुणी शिकवतच नाही.

निळीबाटली
थोडं अवांतर, घरी स्वच्छ पारदर्शक बर्फ कसा करायचा? माझा मध्ये पांढराच येतो.

हिमकण
सगळ्या बाजूंनी गोठतो म्हणून. हवा आणि क्षार मध्यावर ढकलले जातात. जाड भिंतींचा छोटा थर्माकोलचा डबा घ्या, झाकण काढून फ्रीजरमध्ये ठेवा. मग तो फक्त वरून खाली गोठतो. पूर्ण गोठायच्या आत, तळाला पाव भाग पाणी असतानाच काढा. गढूळपणा त्या पाण्यातच राहतो. कापण्याआधी ठोकळा बाहेर ठेवून वरचा पांढरा थर जाऊ द्या, नाहीतर सुरी लावल्यावर तडकतो.

निळीबाटली
आज रात्रीच लावते. आणि व्हर्मुथ बाहेर ठेवली तर चालते ना?

संध्यापाळी
नाही! ती वाइनच आहे. उघडली की फ्रीजमध्ये, महिना-दोन महिन्यांत संपवायची. बाटलीवर उघडल्याची तारीख लिही. लिंबाचा रस त्याच दिवसाचा. साखरेचा पाक वजनाने सारखी साखर-पाणी असेल तर फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे, गढूळ दिसला की ओतून द्यायचा. दुप्पट साखरेचा जास्त टिकतो, पण मग २० च्या जागी १५ पुरे. मध सरळ शेकरमध्ये टाकू नकोस, बर्फाला लागून गोळा होतो. आधी तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळव.

पाऊलवाट
१५ च्या रेघा असलेला जिगर वेगळा घ्यावा लागेल का? माझ्यावर फक्त ३०-६० आहे

चौथामोज
हो, आत १५, २०, ४५ च्या रेघा असलेला उंच आणि अरुंद घे. अरुंद तोंडात चूक कमी होते. घेतल्यावर वजनकाट्यावर एकदा पाणी घालून तपास. ३० च्या रेघेला ३० ग्रॅम आलं पाहिजे.