वॉलमन निवृत्त होण्याआधी काय काय लिहून घ्यावं?

ग्रामपंचायतीचा वॉलमन (गावाच्या पाण्याचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा-बंद करणारा माणूस) निवृत्त होतोय, तर त्याला वही देऊन सगळं लिहून काढायला सांगा, असं काही जण सुचवतात. तो लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर "मारुतीच्या पाराजवळचा वॉल" एवढंच लिहील. पार नवा बांधला, वरून सिमेंट रस्ता झाला की बसा खोदत.

त्यापेक्षा पाणी सोडायच्या दिवशी नवा माणूस त्याच्यामागे फिरवा. प्रत्येक वॉलचं अंतर टेपनं तीन पक्क्या ठिकाणांपासून मोजा: घराचा कोपरा, शाळेची भिंत, पूल. झाड किंवा विजेचा खांब धरू नका. दोनच मापं घेतली तर ती दोन जागी जुळतात, तिसऱ्या मापानं नेमकी जागा कळते. वॉल पूर्ण बंद व्हायला किती आटे लागतात आणि रोज किती उघडा ठेवतात, हेही नोंदवा. उताराच्या गल्लीचा वॉल मुद्दाम अर्धाच उघडलेला असतो. नवा माणूस तो पूर्ण उघडतो आणि वरच्या वस्तीला पाणी चढत नाही. म्हणून आकड्याशेजारी कारण हवंच.

बोअरचं वेगळं पान करा: खोली, केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून घातलेला पाइप), मोटार किती फुटांवर, पाइप किती, तिन्ही फेजचे अँपिअर. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटार आणखी खाली उतरवतात, त्या तारखा हमखास राहून जातात.

एक प्रत पंपघरात, दुसरी दप्तरात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) चार्ज यादीत, म्हणजे बदलीत कारभार सोपवतानाच्या यादीत, तिची नोंद घ्या, नाहीतर बदलीत तीही गहाळ.