सिग्नलला थांबलं की एसी कोमट, आधी फॅन बघू की कंडेन्सर बदलू? मदत हवी आहे

मंडळी, गाडीच्या एसीबद्दल जाणकारांचा सल्ला हवाय आणि जरा घाई आहे. 2017 ची सीएनजी हॅचबॅक, साधा मॅन्युअल एसी. आईला मुलुंडहून परळला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि वेळ नेमकी भर दुपारची मिळते. ईस्टर्न एक्सप्रेसवर गाडी पळत असली की एसी एवढा गार की आईच म्हणते कमी कर जरा, पण सायनला अडकलो आणि पुढे दादरपर्यंत मुंगीच्या पावलांनी जायला लागलो की पाच-दहा मिनिटांत व्हेंटमधून कोमट हवा. मागे वेगळे व्हेंट नाहीत, तिला बीपीचा त्रास, घामाघूम होते बिचारी आणि काच खाली केली तर बाजूच्या डंपरचा धूर आत.

गॅरेजवाल्याने गॅस टॉप-अप केला, फरक शून्य. आता म्हणतो कंडेन्सर (पुढच्या जाळीमागचा, एसीचा गॅस थंड करणारा भाग) गेला, नवीन टाका. मला पटत नाहीये. गॅस खरंच कमी असता तर गाडी पळतानाही एवढं गार झालं नसतं ना? पळताना समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो, उभ्या गाडीत सगळी मदार त्याच्यावर वारा खेचणाऱ्या फॅनवर, म्हणून माझा संशय फॅनवर आहे.

काल बॉनेट उघडून, एसी लावून बघत उभा राहिलो. कॉम्प्रेसर टक् करून लागतो, पण फॅन बऱ्याच वेळाने आणि दमल्यासारखा फिरतो. वहीचा कागद पुढच्या जाळीसमोर धरला, तर तो आत खेचला जाऊन चिकटायला हवा होता, इथे नुसता फडफडून खाली पडला. शिवाय कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये धूळ आणि किडे गच्च भरलेत, खालच्या बाजूच्या पत्र्या दुमडल्यात. खाली पाणी व्यवस्थित ठिबकतंय म्हणजे कूलिंग कॉइल काम करत असावी. केबिन फिल्टर नवीन आहे, रीसर्क्युलेशन कायम चालू ठेवतो, उन्हात उभी असेल तर आधी काचा उघडून गरम हवा काढतो, त्यामुळे हे उपाय कृपया परत नका सांगू.

विचारायचं असं की फॅनची नुसती मोटर बदलून मिळते की अख्खी असेंब्ली घ्यावी लागते? की रिले (फॅनला करंट देणारा स्विच) किंवा वायरिंग आधी तपासून घेऊ? कंडेन्सर घरी पाण्याने धुतला तर चालेल का, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पत्र्या अजून दुमडतील अशी भीती वाटते. आणि गॅसचं काय करू, बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलंय पण गॅरेजवाल्याने वजन न करता अंदाजानेच भरला, जास्त झाला तरी कूलिंग कमी होतं, मग सगळा काढून व्हॅक्यूम मारून मोजून भरायला सांगू का?

मुलुंड, भांडुप किंवा ठाण्यात असा कोणी कार एसीवाला माहीत असेल जो पार्ट बदलायच्या आधी गेज लावून प्रेशर बघतो, तर प्लीज व्यनि (खासगी मेसेज) करा.