काल्पनिक देवस्थानातल्या तेलाचा हिशेब वाचकाने का वाचावा?

खारफुटी (धागालेखक)

एक कादंबरी लिहितोय. जग पूर्णपणे काल्पनिक. खाऱ्या तळ्याच्या मधोमध खारजाईचं देवस्थान, एकात एक असे पाच तट. सगळ्यात आतल्या चौकात मूर्ती नाही, मिठाची शिळा आहे. बारा वर्षांतून एकदा देवी ती शिळा सोडून जाते आणि परत येईपर्यंत देवस्थानात दिवा लावायचा नाही.

मसुदा वाचलेल्या दोघांची तक्रार एकच: देवी जाते तो प्रसंग दीड पानात उरकलाय आणि कोठीतून कुणाला किती तेल मिळतं यावर चार पानं घातलीत. ती पानं काढायला माझा जीव होत नाही. एरवी अशा कथांतलं देऊळ म्हणजे धुकं, पडके खांब आणि कोड्यात बोलणारा एक म्हातारा पुजारी. तो जेवतो काय? त्याला शिधा कोण पोचवतं?

आपल्या पंढरपुरातच बघा. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांशिवाय सात सेवाधारी होते: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. देवाला आरसा दाखवायचा मान डिंगऱ्यांचा, दिवटी धरायची ती दिवट्यांनी. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात, अहोरात्र उभं राहायचं म्हणून पाठीशी लोड देतात आणि प्रक्षाळपूजेला शिणवटा जावा म्हणून काढा पाजतात. देव थकतो ही कल्पना मला कुठल्याही उडत्या राक्षसापेक्षा जबरदस्त वाटते. ती पटते, कारण काढा उकळणारा माणूस ठरलेला आहे. माझं म्हणणं एवढंच, की चमत्कारालाही कुणाची तरी पाळी लागलेली असावी.

तुम्हाला काय वाटतं?

धुकंच बरं

साफ असहमत. तुम्ही कादंबरी लिहिताय की देवस्थान समितीचा वार्षिक अहवाल?

पुरीचा नवकलेवर घ्या, म्हणजे जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती बदलायचा विधी. 2015 साली झाला, त्याआधी 1996 साली. जुन्या मूर्तींतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तींत ठेवतात त्या रात्री शहरातले दिवे घालवतात, तो हलवणाऱ्या सेवकाच्या डोळ्यांवर पट्टी असते, हातांना कापड गुंडाळलेलं. पदार्थ काय आहे हे हलवणाऱ्यालाही दिसू नये! इथे त्या सेवकाचा शिधा किती, असं कुणी विचारलं तर मी पुस्तक मिटून ठेवीन. गाभाऱ्यात अंधार असतो तो बांधणाऱ्याला खिडकी जमत नव्हती म्हणून नाही.

खारफुटी

अहो, पण पट्टी बांधलेला तो माणूस वाटेवरून धरून आणलेला नसतो. ते काम दइतापती नावाच्या सेवक घराण्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या. पुरीच्या सेवकांची वर्गवारीच छत्तीस नियोगांची, म्हणजे सेवागटांची आहे. अंधार पाडायलाही व्यवस्था लागते, आणि मला नेमकी तीच दाखवायची आहे.

तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरातलं न उघडलेलं कोठार आठवा. 2011 साली बाकीची कोठारं उघडून मोजदाद झाली, ते एक राहिलं. देशभर त्याच्या दंतकथा. तरी यादीत त्याला 'बी' हे अक्षर आहेच. बाकीच्यांचा हिशेब झाला म्हणून तर त्याचं गूढ वाढलं.

धुकंच बरं

म्हणजे तुमच्याच उदाहरणात लोकांना न मोजलेलंच कोठार आठवतंय. धन्यवाद.

स्थापती

दोघांचंही चालू द्या. मला आकडे आवडतात म्हणून भर घालतो.

कंबोडियातल्या ता प्रोम देवळाचा 1186 सालचा शिलालेख आहे, राजा सातव्या जयवर्मनच्या काळचा. त्यात 18 मुख्य पुरोहित आणि 615 नर्तकी नोंदल्या आहेत, शिवाय देवस्थानाला पुरवठा करणारी 3,140 गावं आणि त्यांतली 79,365 माणसं. आज आपण तिथे जातो ते भिंतींना विळखा घातलेल्या झाडांच्या मुळांचे फोटो काढायला. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराज चोळाने 400 नर्तकी कोरून ठेवल्यात, कुणाचं घर कुठल्या आळीत कितवं आणि वर्षाला भात किती, यासकट. 1010च्या सुमाराचं काम. इतकं कोरीव वैभव, आणि भिंतीवर वेतनपत्रक! त्यामुळे चार पानांना माझं अनुमोदन.

मात्र खारफुटी, एक तांत्रिक शंका. तळं खारं, देवस्थान मधोमध. प्यायचं पाणी कुठून? पाच तटांत राहणारी माणसं, नैवेद्याचा स्वयंपाक, जनावरं. बेटावर गोडी विहीर असू शकते, पण उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं. तेलाआधी पाण्याचा हिशेब लिहा.

पायरीपाशी

तेल झालं, पाणी झालं. आता मी विचारतो. तुमच्या पाच तटांपैकी कितव्या तटापर्यंत कोण येऊ शकतं?

तुम्ही पंढरपूरचा लोड घेतलात, काढा घेतलात, आरसा घेतलात. चोखोबाची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे, ती मात्र घेतली नाहीत. देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. सेवाधाऱ्यांची पाळी तुम्हाला मोहक वाटते, कारण ती तुमच्या कादंबरीला पोत देते. ती पाळी जन्मावर ठरत होती. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं ते जानेवारी 2014 मध्ये. ओवऱ्या, दीपमाळ, नगारखाना सगळं उचलायचं आणि बाहेर कोण उभं होतं तेवढं गाळायचं, ही कल्पनाशक्ती नाही, सोयीस्करपणा आहे.

रिकामी ओवरी

पायरीपाशी, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवते. मला काल्पनिक जग वाचायचं असतं ते याच कारणासाठी, की तिथे हे नसू शकतं. खऱ्या देवळात पाळीच्या दिवसांत मला किती नियम ऐकवले जातात ते इथे सांगत बसत नाही. एखाद्या लेखकाने असं आवार रचावं जिथे मी थेट पाचव्या तटापर्यंत चालत जाईन आणि कुणी काही विचारणार नाही, तर त्याला पळपुटेपणा का म्हणायचं? प्रत्येक काल्पनिक देवाच्या दारात आपली खरी दुखणी बांधायचा नियम कुणी केला?

पायरीपाशी

नसू शकतं, मान्य. पण मग पाच तट कशाला? भिंत बांधली की कुणाला तरी अडवायचं असतं. उघडं माळरान रचा, मी काही बोलणार नाही. तट, दरवाजे, पहारेकरी ठेवायचे आणि सगळे मात्र सुखाने आत जातात म्हणायचं, हे स्थापतींच्या विहिरीइतकंच गळकं आहे.

रिकामी ओवरी

तट पुरासाठी असू शकतात. वाऱ्यासाठी असू शकतात. सगळ्या भिंती माणसांसाठीच नसतात.

स्थापती

खारं वारं रोखायला तट, ही कल्पना चांगली आहे. मिठाने दगड फुगून फुटतो. म्हणजे तट दर काही वर्षांनी नव्याने बांधावे लागतील. जपानात इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं उभारतात, शेवटचं 2013 साली झालं. हेतू वेगळा, पण त्यामुळे सुतारांच्या नव्या पिढीच्या हातात कसब येतं. (पाण्याचं उत्तर अजून आलेलं नाही.)

खारफुटी

पायरीपाशी, मसुद्यात सध्या तिसऱ्या तटापलीकडे मिठागरातल्या लोकांना जाता येत नाही. शिळेसाठी मीठ तेच वाहून आणतात आणि तिसऱ्या दरवाजात ठेवून परततात. याचं स्पष्टीकरण मी दिलेलं नाही आणि देणारही नाही. कथेतल्या कुणालाच ते विचित्र वाटत नाही, आणि तेच भयंकर वाटावं अशी इच्छा आहे.

तेलाची पानं राहतील, पण ती उचलून देवी जाते त्या रात्रीत घालतोय. दिवे बंद म्हणजे तेल बंद. तेलाच्या वाट्यावर ज्यांची चूल पेटते त्या घरांना देवी गेली हे सगळ्यात आधी कळतं, पुजाऱ्यांच्याही आधी.

स्थापती, गोडं पाणी होड्यांनी येतं. होड्या मिठागरवाल्यांच्या.

पायरीपाशी

मग मिठागरवाले पहिल्याच वर्षी होड्या थांबवतील. थांबवत नसतील तर का नाही, हे लिहावं लागेल. तिथे 'स्पष्टीकरण देणार नाही' चालायचं नाही.

धुकंच बरं

म्हणजे चारची आता सहा पानं होणार. माझं मत कायम आहे. देवी गेली, दिवे विझले, तिथे प्रकरण संपवा. चुली दुसऱ्या दिवशी बघू.