नाटक बघणं हा पोरपणा आहे का?

सर्वांना सलाम. मी मिरजेचा, वय 47, दवाखान्यात एक्स-रे काढतो. परवा शनिवारी बायकोला घेऊन सांगलीला भावे नाट्यमंदिरात एक विनोदी नाटक बघितलं. पोट दुखेपर्यंत हसलो. रिक्षावाल्यानं परत यायचे दुप्पट घेतले, तेही हसत दिले. रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर मंडळीतले एक वयस्कर पंच हात धरून म्हणाले, "पहिलं करिंथ, तेरा अकरा वाच. प्रौढ झाल्यावर पोरपणाच्या गोष्टी सोडायच्या असतात." म्हणजे बायबलमधलं पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय तेरा, वचन अकरा.

संडे स्कूलला त्यांनीच शिकवलंय मला, उलट बोलवेना. पण डोक्यातून जात नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथं नाटक उभं केलं, त्या गावाला खेटून राहायचं आणि नाटक सोडायचं? खरं सांगायचं तर नाटक वर्षातून दोनदा. नाइट ड्यूटीनंतर रील्स मात्र रोज, तास-सव्वा तास. ते पंचांना ठाऊक नाही.

सातारकर: अख्खा अध्याय वाचा. तो प्रीतीचा अध्याय आहे. आता आपल्याला अंशतः कळतं, पुढं पूर्ण कळेल, एवढ्यासाठी पौलानं मूल आणि प्रौढ हा दाखला दिलाय. तिकीटबारीचा तिथं काही संबंध नाही. नवव्या अध्यायात तोच पौल शर्यतीतल्या धावणाऱ्यांचे, मुष्टियुद्धाचे दाखले देतो. आणि आमच्या साताऱ्यात 1917 मध्ये 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू करणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक भजन-कीर्तनात रंगणारे. ते काय पोर होते?

तासगावची ताई: मी पंचांच्या बाजूनं. घरसभा आठला ठेवली की मालिका चुकते म्हणून तोंड वाकडं करणारी मीच होते. प्रार्थनेत डोळे मिटलेले आणि मनात कालचा भाग. शेवटी मालिका माझी मीच बंद केली. येशू काना गावातल्या लग्नाला गेला, पाण्याचा द्राक्षारस केला, सगळं खरं. पण दादा, तो रोज लग्नाला जात नव्हता.

मिरजेचा (प्रश्नकर्ता): ताई, लागलं हो. सातारकर काका, अध्याय वाचला, आभार. पुढच्या नाटकाला पंचांनाच घेऊन जाऊ म्हणते बायको. त्यांचे गुडघे तेवढे बघायला हवेत. रील्सचं अ‍ॅप काल काढून टाकलं. आज सकाळी ड्यूटीवरून आलो आणि सव्वा तास नुसता पंख्याकडे बघत पडलो.