अनुभव धागा: सणासाठी घरी केलेली सजावट आणि भेटी

सण जवळ आला की घरी काहीतरी करावे असे पुष्कळांना वाटते. हौस असतेच, अडते ते कामटी कोठे बांधावी, खळ किती घट्ट ठेवावी अशा बारीकसारीक गोष्टींपाशी. म्हणून या धाग्यात आठवणी थोड्या आणि कृती जास्त, अशी अपेक्षा आहे. आपण काय केले, कशाचे केले आणि ते सणभर टिकले का, हे कृपया सविस्तर लिहावे. विकतच्या वस्तूंना नावे ठेवण्यासाठी हा धागा नाही.

पुण्याहून

आमच्याकडे आकाशकंदील वडिलांच्या पद्धतीने होतो आणि त्यात मोजमापाखेरीज अवघड असे काही नाही. बांबूच्या 24 कामट्या अगदी सारख्या लांबीच्या तासून घ्याव्यात. वीतभर लांबीच्या घेतल्या तर कंदील गॅलरीत सहज मावतो. त्यांपैकी 16 कामट्यांचे चार चौकोन दोऱ्याने बांधावेत, प्रत्येक चौकोन कोपऱ्यावर उभा धरावा आणि शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधून चौघांचे कडे करावे. उरलेल्या आठांपैकी चार कामट्यांनी वरची टोके व चारांनी खालची टोके जोडली की चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण तयार होतात आणि तोवर लुळा असलेला सांगाडा ताठ उभा राहतो. वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवून बाकी सर्वांवर पतंगाचा कागद लावावा. चौकोनांना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा दिला की विशेष खुलतो.

खळ मैद्याची करावी. मैदा गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत ढवळत राहावे. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, परंतु तो विषारी असल्याने मुले हाताशी असताना मी वापरत नाही. खळ लागेल तेवढी ताजी करतो. आत एलईडीचा दिवा लावावा, कारण जुना पिवळा दिवा तापतो आणि कागद त्याच्यापासून फार दूर नसतो.

वसईहून

वरील कंदिलाची कृती वाचून आमच्या नाताळच्या चांदणीबद्दल लिहावेसे वाटले, कारण साहित्य तेच आहे. पाच लांब कामट्यांची एक पंचकोनी चांदणी बांधायची, तशीच दुसरी करायची आणि दोन्हींची पाचही टोके एकमेकांना घट्ट बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या काड्या आडव्या अडकवल्या की चांदणी मध्यभागी फुगते आणि आत दिव्याला जागा होते. गोठ्यासाठी भाताचा पेंढा वापरतो. बाळ येशूची मूर्ती मात्र 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत त्यात ठेवत नाही. तोवर गव्हाण रिकामीच असते आणि मुलांचे सगळे लक्ष तिच्याकडे असते.

साताऱ्याहून

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल एकच मुद्दा मांडतो. दगड-विटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेले पोते पसरून डोंगर केल्यावर उतारावर हिरवळ उगवावी म्हणून बहुतेक जण मोहरी पेरतात, आणि ती पाणी शिंपडताच घरंगळून पायथ्याशी गोळा होते. अळीव वापरावेत. ते भिजताच त्यांच्याभोवती बुळबुळीत थर येतो, त्यामुळे बी तिरक्या मातीलाही चिकटून राहते. दोन-तीन दिवसांत कोंब दिसू लागतात, तेव्हा वसुबारसेच्या आधीच पेरणी उरकावी. आमच्या अंगणात राजगड असतो. तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला असल्यामुळे चार मुलांना चार वेगळी कामे देता येतात आणि भांडणे बरीच कमी होतात. (संजीवनी माचीसाठी मात्र दरवर्षी वाद होतो.)

लंडनहून

येथे नोव्हेंबरच्या प्रारंभी साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे कंदिलाला अंधार भरपूर मिळतो. अडचण पावसाची असते. पतंगाचा कागद बाहेर टिकत नाही, म्हणून आम्ही कंदील खिडकीच्या आतल्या बाजूस टांगतो आणि बटर पेपर वापरतो. त्यातून उजेड मऊ येतो व शेजाऱ्यांनाही रस्त्यावरून दिसतो.

नागपूरहून

भेटींबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मी आप्तांना तुपात भिजवलेल्या फुलवाती देते. स्वच्छ कापसाच्या फुलवाती वळून त्यांचे बूड पसरट करावे, म्हणजे त्या साच्यात उभ्या राहतात. चॉकलेटचा किंवा बर्फाचा लहान खणांचा साचा चालतो. वितळलेले तूप ओतून साचा फ्रिजमध्ये ठेवला की वड्या सुटून येतात. आमच्याकडे ऑक्टोबरातही दुपारी ऊन चांगलेच असते आणि नुसते साजूक तूप वाटेतच पातळ होते. त्यामुळे निम्मे वनस्पती तूप घालावे लागते. हे घेणाऱ्यास आवर्जून सांगावे, कारण काही घरांत देवापुढे केवळ गाईचे तूपच चालते. अशा घरी मी कोरड्या वाती आणि तुपाची लहान बरणी वेगवेगळी देते. गावात देण्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम. कुरियरने पाठवायच्या असतील तर कोरड्या वातीच पाठवाव्यात.